कॉक्लियर इम्प्लांटचा इलेक्ट्रोड घालताना आत किती दुखापत झाली ते कसं तपासायचं : नवीन लोकांसाठी

कॉक्लियर इम्प्लांट म्हणजे नीट ऐकू न येणाऱ्याच्या आतल्या कानात (कॉक्लियात) बसवायचं यंत्र, आणि त्याची आत सरकवायची बारीक लवचीक तार म्हणजे इलेक्ट्रोड. सगळ्यात आधी एक ठरवून टाका, तुम्हाला तपासायचाय तो कान लॅबच्या टेबलवरचा टेम्पोरल बोन, म्हणजे मृत व्यक्तीचं कानाचं हाड, आहे की ऑपरेशन झालेला पेशंट आहे. ऐकायला बाळबोध वाटतं, पण नवीन माणसाचा निम्मा गोंधळ इथेच होतो, कारण दोन्हीकडे शब्द तेच वापरतात, ट्रॉमा (दुखापत), ट्रान्सलोकेशन (इलेक्ट्रोड एका कप्प्यातून दुसऱ्यात घुसणं), ग्रेड वगैरे, आणि हातात येणारा पुरावा मात्र एकदम वेगळा असतो. टेम्पोरल बोनमध्ये आतलं मेंब्रेन फाटलं का ते तुम्ही डोळ्यांनी बघू शकता पण त्या कानाला नंतर ऐकू आलं असतं का हे कधीच कळणार नाही, आणि पेशंटमध्ये ऐकणं मोजता येतं पण मेंब्रेन दिसत नाही. हे लिहिलंय ते जास्त करून लॅबमध्ये पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी, म्हणजे ईएनटीचे रेसिडेंट, बायोमेडिकलचे विद्यार्थी, इलेक्ट्रोड डिझाइनवर काम करणारे. पेशंटचा भाग शेवटी घेतलाय.

पायरी १ : आतला नकाशा पाठ करा

कॉक्लिया म्हणजे हाडात वळत गेलेली नळी, साधारण अडीच ते पावणेतीन वेढ्यांची. तिच्या आत तीन कप्पे. स्काला टिम्पनी, स्काला व्हेस्टिब्युली, आणि दोघांच्या मधे छोटा तिकोनी स्काला मीडिया. टिम्पनी आणि मीडियाच्या मधे बेसिलर मेंब्रेन, त्याच्यावर ऑर्गन ऑफ कॉर्टी म्हणजे आवाज टिपणाऱ्या हेअर सेल्सची जागा. मीडिया आणि व्हेस्टिब्युलीच्या मधे राइसनर मेंब्रेन, ते तर फक्त दोन पेशींच्या थराचं. आतल्या बाजूने, म्हणजे मोडिओलसकडून (वेढे ज्याच्याभोवती फिरतात तो मधला हाडाचा खांब), हाडाची एक पातळ फळी येते ती ऑसियस स्पायरल लॅमिना, तिच्यातून नर्व्हचे तंतू जातात. बाहेरच्या भिंतीला स्पायरल लिगामेंट आणि त्याच्यावर स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस.

इलेक्ट्रोडने पूर्ण वेळ स्काला टिम्पनीत राहावं अशी अपेक्षा असते. तो कप्पा तळाशी ऐसपैस आणि पुढे पुढे अरुंद होत जातो. राउंड विंडोतून, म्हणजे कॉक्लियाच्या तळाच्या पडदा असलेल्या खिडकीतून, आत गेलेला सरळ इलेक्ट्रोड, ज्याला लॅटरल वॉल इलेक्ट्रोड म्हणतात, तो पहिल्या वळणावर बाहेरच्या भिंतीला टेकतो आणि तिथून भिंतीला घासत वळतो. आधीच वाकवलेला पेरिमोडिओलर इलेक्ट्रोड स्टायलेटवर (आतली सरळ ठेवणारी तार) किंवा शीथमधून (बाहेरची नळी) जातो आणि सोडल्यावर मोडिओलसला बिलगतो. त्यामुळे दोघांच्या दुखापतीच्या जागा वेगळ्या असतात, सरळवाला जास्त करून बाहेरच्या बाजूला लिगामेंट आणि मेंब्रेनला ढकलतो, वाकडावाला जर चुकीच्या क्षणी सोडला तर वर उसळून मेंब्रेन फाडून व्हेस्टिब्युलीत जाऊ शकतो. कप्पा बदलण्याचं प्रमाण पेरिमोडिओलरमध्ये जास्त दिसतं हे बऱ्याच ठिकाणी परत परत आलेलं आहे, आणि ते होतं ते बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या वेढ्यात, म्हणजे साधारण ९० ते १८० अंशांच्या पट्ट्यात. सेक्शन, म्हणजे कापलेला थर, वाचताना नजर आधी तिथेच गेली पाहिजे.

अंश कुठून मोजायचे? मोडिओलसचा अक्ष मधे धरायचा आणि राउंड विंडोचा मध्य म्हणजे ० अंश, ही पद्धत २०१० मध्ये सगळ्यांनी मिळून ठरवलेली आहे. त्याआधीच्या पेपरमध्ये शून्य वेगवेगळ्या जागी धरलेलं सापडेल, म्हणून जुना आणि नवा आकडा शेजारी ठेवण्याआधी शून्य कुठे धरलंय ते वाचा.

मिलिमीटरपेक्षा अंश का, तर कॉक्लिया सगळ्यांचा एकाच मापाचा नसतो. राउंड विंडोपासून मोडिओलसमधून पलीकडच्या भिंतीपर्यंतचं अंतर, ज्याला ए व्हॅल्यू म्हणतात, ते सरासरी ९ मिलिमीटरच्या आसपास असतं पण माणसामाणसात एक-दीड मिलिमीटरचा फरक सहज पडतो. तोच २० मिलिमीटर आत गेलेला इलेक्ट्रोड छोट्या कॉक्लियात बराच पुढे पोचतो आणि मोठ्यात मागेच राहतो.

पायरी २ : बोन कसा आहे ते बघा, आणि घालण्याआधी स्कॅन

ताजा किंवा ताजा गोठवलेला बोन घ्या. फॉर्मलिनमध्ये बरेच दिवस पडलेला बोन ड्रिलिंगच्या सरावाला ठीक आहे पण त्यात मेंब्रेन कडक झालेलं असतं, ते खऱ्यासारखं वागत नाही, त्यामुळे तिथे मिळालेल्या ग्रेडवर मी तरी विश्वास ठेवत नाही. गोठवलेला असेल तर हळू वितळवा आणि परत परत गोठवू नका, बर्फाच्या कणांनीही आतले थर सुटतात.

मायक्रो-सीटी किंवा निदान कोन बीम सीटी आधीच काढून ठेवा, रिकाम्या कॉक्लियाचा. तीन कामं होतात. ए व्हॅल्यू मोजता येते, जुना आजार म्हणजे हाड भरलेलं वगैरे असेल तर तो बोन बाद करता येतो, आणि नंतरच्या स्कॅनमध्ये धातूच्या चकाकीमुळे काही दिसेनासं झालं की आधीचा स्कॅन त्यावर बसवून भिंती कुठे होत्या ते कळतं. हे तिसरं कारण पहिल्यांदा कोणाला पटत नाही आणि नंतर सगळे त्याच्यासाठीच हळहळतात.

शक्य असेल तर एक-दोन बोन असे ठेवा ज्यात इलेक्ट्रोड घालायचाच नाही, बाकी सगळी प्रक्रिया तीच करायची. याला शॅम म्हणा, कंट्रोल म्हणा. हे का ते पाचव्या पायरीत कळेल.

पायरी ३ : इन्सर्शन, आणि त्याची नोंद

कानामागचं मास्टॉइड हाड ड्रिल करून पोस्टेरियर टिम्पॅनोटॉमी (मागून मध्यकर्णात जायची वाट), राउंड विंडो निशेवरचं हाडाचं छप्पर काढलं की खरं मेंब्रेन दिसतं. बरेच लोक निशेतल्या खोट्या पडद्यालाच राउंड विंडो मेंब्रेन समजतात, तो आधी काढा. आत जायचा रस्ता राउंड विंडो की कॉक्लिओस्टोमी (कॉक्लियाच्या हाडात पाडलेलं भोक) हे लिहून ठेवा, कॉक्लिओस्टोमी केली असेल तर नेमकी कुठे, कारण राउंड विंडोच्या पुढे आणि खाली न करता ती जर वर गेली तर इलेक्ट्रोड पहिल्या क्षणापासूनच चुकीच्या कप्प्यात असतो आणि मग बिचाऱ्या इलेक्ट्रोडच्या नावावर ते पाप जातं. ट्रॉमाचे दोन भाग वेगळे ठेवा, दार उघडताना झालेला आणि आत सरकवताना झालेला. हा फरक रिपोर्टमध्ये दिसलाच पाहिजे.

हळू घाला. अर्न्स्ट लेनहार्ट यांनी १९९३ मध्ये सॉफ्ट सर्जरी म्हणून जे मांडलं त्याचा गाभा अजून तोच आहे, उघडलेल्या कॉक्लियावर सक्शन धरायचं नाही, हाडाचा चुरा आणि रक्त आत जाऊ द्यायचं नाही, जोर लावायचा नाही. वेगाची नोंद ठेवा. मोटरने घालत असाल तर मिलिमीटर प्रति सेकंद लिहा, हाताने घालत असाल तर व्हिडिओ काढा आणि त्यावरून काढा, "हळू घातला" ही नोंद नसते.

फोर्स सेन्सर असेल तर उत्तम. इथे एकक मिलिन्यूटन, आणि मानवी नमुन्यांमध्ये मेंब्रेन फाटायला लागणारा जोर काही दहा मिलिन्यूटनपासून शंभरच्या थोडा वरपर्यंत असा पसरलेला मिळतो. पण फोर्सचा आलेख वाचताना एक धोका आहे. सेन्सर जो एकूण जोर दाखवतो त्यात घर्षणही असतं, पूर्ण भिंतीला बिलगून घासत गेलेला लांब इलेक्ट्रोड शेवटी मोठा आकडा दाखवतो आणि मेंब्रेन मात्र शाबूत असतं, उलट टोक थेट मेंब्रेनवर रुतलं तर छोट्या आकड्यातही काम होऊन जातं. म्हणून कमाल आकड्यापेक्षा आलेखाचा आकार बघा, चढत चढत एकदम खाली पडलेला टोकदार सुळका दिसला तर त्या खोलीवर खूण करा आणि सेक्शनमध्ये त्याच जागी जाऊन बघा. प्लास्टिकच्या मॉडेलमध्ये मोजलेला फोर्स डिझाइन एकमेकांशी ताडून बघायला बरा, त्यावरून ट्रॉमा किती होईल हे सांगायला जाऊ नका, त्या मॉडेलमध्ये फाटायला मेंब्रेनच नसतं.

किती कॉन्टॅक्ट आत गेले, कुठे अडला, मागे घेतला का, वाकला का, सगळं त्याच वेळी लिहा. आणि घालणाऱ्याला विचारा की कुठे अडल्यासारखं वाटलं का, पण उत्तराला पुरावा मानू नका. अगदी लोण्यातून गेल्यासारखा गेला म्हणतात आणि सेक्शनमध्ये तो अर्ध्या वेढ्यापासून पुढे व्हेस्टिब्युलीत निघतो, हे होतं.

पायरी ४ : इलेक्ट्रोड हलू न देता ब्लॉक बनवणं

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया. इलेक्ट्रोड आत गेला की लगेच राउंड विंडोपाशी त्याला ग्लूने किंवा डेंटल सिमेंटने पक्का करा, मग बाहेरची वायर कापा. उलट क्रमाने केलं तर वायर कापताना इलेक्ट्रोड हलतो.

नंतर फिक्सेशन, म्हणजे ऊतक सडू नये म्हणून रसायनाने पक्कं करणं. स्टेपीस (मध्यकर्णातलं छोटं हाड) काढून ओव्हल विंडोतून फिक्सेटिव्ह आत सोडतात, अगदी थेंब थेंब, पिचकारी मारल्यासारखं सोडलं तर राइसनर मेंब्रेन तिथेच जातं. मग अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्या, ७० टक्क्यांपासून शुद्धपर्यंत, पाणी पूर्ण निघेस्तोवर. मग रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं प्लास्टिक, याचाच ब्लॉक बनतो), हलक्या व्हॅक्यूमखाली, म्हणजे वेढ्यांच्या आतली हवा निघते. वरच्या वेढ्यात अडकलेला बुडबुडा हा नवख्यांच्या ब्लॉकची ओळख आहे. इपॉक्सी असो की अ‍ॅक्रिलिक, रेझिन घट्ट होताना गरम होतं आणि थोडं आकसतं, म्हणून कंपनीने दिलेल्या प्रमाणापेक्षा हार्डनर वाढवून लवकर उरकायचा मोह टाळा.

तुम्ही विचाराल की साध्या हिस्टॉलॉजीसारखं डिकॅल्सिफाय करून (हाडातलं कॅल्शियम काढून मऊ करून) मायक्रोटोमने, म्हणजे पातळ थर कापणाऱ्या यंत्राने, का नाही कापायचं. कारण इलेक्ट्रोडमध्ये प्लॅटिनमचे कॉन्टॅक्ट आणि वायर असतात. ब्लेड त्यावर आदळलं की ते धातू ओढत नेतं आणि आजूबाजूचं सगळं फाडतं. इलेक्ट्रोड बाहेर काढून मग कापायचं तर एकतर मानवी टेम्पोरल बोन ईडीटीएमध्ये मऊ व्हायला महिने जातात, आणि दुसरं म्हणजे इलेक्ट्रोड नेमका कुठे बसला होता हीच माहिती गेली, शिवाय ओढून काढताना जे फाटलं ते कोणाच्या खात्यात टाकणार? म्हणून इलेक्ट्रोड आत ठेवून रेझिन, आणि घासत घासत जायचं.

घासायचं म्हणजे ब्लॉक मोडिओलसच्या अक्षाला समांतर धरून एक थर घासायचा, पॉलिश करायचा, रंगवायचा, फोटो काढायचा, पुढचा थर. अशा सेक्शनमध्ये प्रत्येक वेढा दोनदा कापलेला दिसतो, मोडिओलसच्या अलीकडे आणि पलीकडे, म्हणजे एकमेकांपासून १८० अंशांवर. थर किती जाडीचा ते प्रश्नावर अवलंबून, पण २०० मायक्रॉनपेक्षा जाड घेतले तर छोटी फाट दोन थरांच्या मधे हरवू शकते, आणि ९० ते १८० अंशांच्या पट्ट्यात मी आणखी बारीक जाईन. घासलेला थर परत मिळत नाही. फोटो शार्प आलाय, स्केल बार आहे, ब्लॉकचा नंबर फ्रेममध्ये आहे हे बघूनच पुढे जा.

मायक्रो-सीटीने हे सगळं टाळता येईल का? अर्धवट. हाड छान दिसतं, लॅमिना तुटली का ते दिसतं, इलेक्ट्रोड कुठे आहे ते त्रिमितीत मिळतं. मऊ भाग दिसण्यासाठी ऑस्मियम टेट्रॉक्साइडसारखा रंग द्यावा लागतो, आणि ते रसायन डोळ्यांना आणि श्वासाला भयंकर आहे, फ्यूम हूडशिवाय आणि शिकवणारा शेजारी असल्याशिवाय बाटली उघडायची नाही. एवढं करूनही प्लॅटिनमच्या लगतचा भाग चकाकीत बुडतो आणि मेंब्रेन नेमकं तिथेच बघायचं असतं. माझ्या मते मायक्रो-सीटी आधी करा, संशयाच्या जागा ठरवा, मग त्या जागी घासा.

पायरी ५ : ही दुखापत इलेक्ट्रोडची की तुमची?

या कामातला सगळ्यात कस लागणारा भाग हा आहे. ग्रेड देणं सोपं आहे, तक्ता पाठ केला की झालं, पण समोर दिसणारी फाट ही इलेक्ट्रोडने केली की फिक्सेशनने, रेझिनने, घासण्याने, की मृत्यूनंतरच्या वेळाने, हे ठरवता आलं नाही तर तक्त्याचा उपयोग शून्य.

एखादा सेक्शन घेऊ. बेसल टर्न, समजा १५० अंश. टिम्पनीत इलेक्ट्रोडचा गोल काप दिसतोय, बेसिलर मेंब्रेन बाहेरच्या टोकाला लिगामेंटपासून सुटलेलं आहे. आता काय बघायचं? पहिलं, सुटलेलं टोक कुठल्या दिशेला गेलंय. इलेक्ट्रोड खालून वर ढकलतो, मग टोक वर व्हेस्टिब्युलीकडे वळलेलं हवं, खाली लोंबत असेल तर संशय घ्या. दुसरं, इलेक्ट्रोड त्या जागेला टेकलाय किंवा टेकून गेला असेल अशा अंतरावर आहे का. तिसरं, आधीच्या आणि नंतरच्या थरात हीच फाट चालू आहे का, खरी फाट सहसा एका थरात सुरू होऊन पुढच्या काही थरांत वाढते किंवा मिटत जाते, एकाच थरात येऊन गायब झालेली फाट बहुतेक घासण्याची. चौथं, रेझिन आणि ऊतक यांच्यामधे सगळीकडेच फट आहे का, असेल तर आकसणं. पाचवं, इलेक्ट्रोडच्या टोकाच्या बऱ्याच पुढे, जिथे तो पोचलाच नाही त्या वरच्या वेढ्यात, मेंब्रेन कसं आहे. तिथेही तसंच सुटलेलं असेल तर ते इलेक्ट्रोडच्या माथी मारता येणार नाही. आणि तुमच्या शॅम बोनमध्ये हे किती वेळा दिसतं तेही बघा, दुसऱ्या पायरीत तो ठेवायला सांगितला तो याच्यासाठी.

राइसनर मेंब्रेन एकटंच फाटलेलं असेल तर त्याच्यावरून काही ठरवू नका. ते इतकं नाजूक आहे की तयारी करतानाच जातं.

लॅमिना तुटण्याबाबत थोडं सोपं आहे, हाडाचा तुकडा जागेवरून वर सरकलेला दिसतो. पण घासण्यात निघालेला हाडाचा चुरा कप्प्यात पडलेला असतो त्याला तुकडा समजू नका, चुरा वाटेल त्या कप्प्यात विखुरलेला असतो आणि लॅमिनाची कड अखंड असते.

ताज्या बोनमध्ये रक्तस्राव नाही, सूज नाही, भरून येणं नाही. याउलट इम्प्लांट घेऊन बरीच वर्षं जगलेल्या आणि नंतर कान दान केलेल्या व्यक्तीचा बोन असेल तर इलेक्ट्रोडभोवती फायब्रोसिसचं (व्रणासारख्या तंतूंचं) आवरण आणि नवीन हाड दिसतं. तिथे फाटलेल्या जागीच हाड जास्त भरलेलं असतं असं बरेचदा आढळतं, त्यामुळे जुनी जखम ओळखायला ते उलट उपयोगाचं पडतं.

पायरी ६ : ग्रेड

बहुतेक ठिकाणी २००३ मध्ये एश्रागी आणि सहकाऱ्यांनी मांडलेली श्रेणी वापरतात. ग्रेड ० म्हणजे दिसण्याजोगी दुखापत नाही. ग्रेड १, बेसिलर मेंब्रेन वर उचललं गेलंय पण फाटलेलं नाही. ग्रेड २, मेंब्रेन किंवा स्पायरल लिगामेंट फाटलं. ग्रेड ३, इलेक्ट्रोड व्हेस्टिब्युलीत शिरला. ग्रेड ४, लॅमिना किंवा मोडिओलसचं हाड तुटलं किंवा स्ट्रिया फाटली, म्हणजे गंभीर.

ग्रेड १ वर सगळ्यात जास्त भांडणं होतात, कारण मेंब्रेन किंचित वर आहे की त्याचा तोच आकार आहे हे नजरेवर जातं. मोडिओलसच्या दुसऱ्या बाजूच्या कापाशी किंवा शॅमच्या त्याच अंशाशी ताडून बघा.

एका कॉक्लियाला एकच ग्रेड द्यायची पद्धत आहे, सगळ्यात वाईट जी असेल ती. माझं मत विचाराल तर तेवढ्यावर थांबू नका. प्रत्येक ग्रेडबरोबर अंश लिहा. "ग्रेड ३" एवढं वाचून काहीच कळत नाही, "१३० अंशांवर टिम्पनीतून व्हेस्टिब्युलीत, तिथून टोकापर्यंत तिथेच" हे वाचून डिझाइनवाल्याला काम करता येतं. इलेक्ट्रोड कधी कधी मधल्या स्काला मीडियात अडकलेला दिसतो, तो कुठल्याच खणात नीट बसत नाही, तिथे ग्रेडपुढे शब्दांत लिहा.

वाचणारे दोघं हवेत, एकमेकांपासून स्वतंत्र, आणि कुठला इलेक्ट्रोड कुठल्या बोनमध्ये होता हे माहीत नसलेले. कापात कॉन्टॅक्टचा आकार बघून जाणकाराला इलेक्ट्रोड ओळखू येतो हे खरं आहे, त्यामुळे पूर्ण अंधारात ठेवणं जमत नाही, पण निदान कोणी घातला आणि फोर्स किती आला हे तरी लपवा. मतभेद किती झाला ते कॅपा (kappa) या सांख्यिकी मापाने मोजा आणि लिहा.

आता आकडेमोड. ग्रेडची सरासरी काढू नका. समजा एका इलेक्ट्रोडच्या दहा बोनमध्ये आठ ग्रेड ० आणि दोन ग्रेड ४ आले, सरासरी ०.८. दुसऱ्याच्या दहाच्या दहा बोनमध्ये ग्रेड १, सरासरी १. आकड्याप्रमाणे पहिला चांगला ठरला, ज्याने दोनदा आतलं हाड मोडलं! ग्रेड हे क्रमाने लावलेले खण आहेत, ० ते १ आणि ३ ते ४ हे अंतर सारखं नाही. प्रत्येक खणात किती बोन पडले तो तक्ताच द्या. आणि एकाच व्यक्तीचे दोन कान म्हणजे दोन स्वतंत्र नमुने नव्हेत, विश्लेषणात ते जोडीनेच धरा.

पायरी ७ : पेशंटमध्ये

इथे हिस्टॉलॉजी नाही, सगळे पुरावे आडवळणाचे. म्हणून एकावर विसंबायचं नाही.

पहिला, इमेजिंग. ऑपरेशन टेबलवरचा एक एक्स-रे टोक दुमडलंय का, कॉन्टॅक्ट बाहेर राहिलेत का एवढं सांगून जातो, आणि हे तिथल्या तिथे कळलं तर दुरुस्त करता येतं. नंतरच्या कोन बीम सीटीवरून अंशांची खोली आणि कप्पा काढता येतो. लक्षात ठेवा, त्यात बेसिलर मेंब्रेन दिसत नाही. कप्पा हा अंदाज असतो, कॉन्टॅक्ट नळीच्या उंचीत कुठे आहे त्यावरून बांधलेला, आणि धातू मूळ आकारापेक्षा फुगून दिसतो. आधीचा सीटी त्यावर बसवला तर हा अंदाज बराच सुधारतो. ग्रेड ३ सीटीवरून म्हणता येतो, ग्रेड १ आणि २ कोणी सीटीवरून सांगत असेल तर विचारा कसं.

दुसरा, इलेक्ट्रोकॉक्लिओग्राफी, इन्सर्शन चालू असताना. कानात बऱ्याचदा ५०० हर्ट्झचा टोन सोडायचा आणि इलेक्ट्रोडच्या टोकाच्या कॉन्टॅक्टवरून हेअर सेल्सचा प्रतिसाद, म्हणजे कॉक्लियर मायक्रोफोनिक, बघत जायचं. टोक आत जाईल तसा तो सहसा वाढतो. एकदम पडला तर थांबा. पण पडला म्हणजे फाटलंच असं नाही, टोक मेंब्रेनला नुसतं टेकलं असेल, किंवा जिथून प्रतिसाद येतो ती जागा मागे टाकून पुढे गेलं असेल. किंचित मागे घेऊन प्रतिसाद परत येतो का बघणं ही चांगली सवय. आधी काहीच न ऐकू येणाऱ्या कानात ही तपासणी फारसं काही देत नाही.

तिसरा, इम्पीडन्स (कॉन्टॅक्टपाशी विजेला होणारा अडथळा) आणि नर्व्हचा प्रतिसाद. टोक दुमडलं असेल तर दूरचे कॉन्टॅक्ट एकमेकांशी जवळच्यासारखे वागतात, ते या मोजमापात पकडता येतं. बारीक दुखापत यात दिसेल ही अपेक्षा ठेवू नका.

चौथा, ऑडिओग्रॅम. ऑपरेशनआधी उरलेलं ऐकणं किती होतं आणि नंतर किती राहिलं. १९९९ मध्ये फॉन इल्बर्ग यांनी एकाच कानात इम्प्लांट आणि उरलेलं नैसर्गिक ऐकणं एकत्र वापरण्याची कल्पना मांडली तेव्हापासून या आकड्याला खरी किंमत आली. नुसता डेसिबलमधला फरक फसवा असतो, म्हणून २०१३ मध्ये हिअररिंग (HEARRING) या तज्ज्ञांच्या गटाने एक सूत्र दिलं. किती डेसिबलला ऐकू येतं त्याच्या नंतरच्या सरासरीतून आधीची सरासरी वजा करा, ती ऑडिओमीटरच्या कमाल मर्यादेतून आधीची सरासरी वजा करून येणाऱ्या आकड्याने भागा, १ मधून वजा करा, १०० ने गुणा. ७५ टक्क्यांच्या वर म्हणजे पूर्ण टिकलं, २५ ते ७५ अंशतः, त्याखाली नावापुरतं, आणि मोजण्याजोगं काहीच नसेल तर गेलं.

उदाहरण करून बघा. मर्यादा १२० धरू. एकाचं आधी ४० होतं, नंतर ५५, फरक १५, भागिले ८०, टिकलं ८१ टक्के. दुसऱ्याचं आधी ९०, नंतर १०५, फरक तोच १५, पण भागिले ३०, टिकलं ५० टक्के. तोच १५ डेसिबल, आणि एक पूर्ण टिकलेला तर दुसरा अंशतः. सूत्र बरोबर आहे, दुसऱ्याकडे गमवायलाच कमी होतं. पण यावरून आत कोणाचं जास्त फाटलं हे काही कळत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

मोजताना दोन खड्डे. ऑपरेशननंतर लगेच मध्यकर्णात रक्त आणि द्रव असतो, त्यामुळे एअर कंडक्शन (हवेतून जाणाऱ्या आवाजाची चाचणी) वाईट दिसतं, बोन कंडक्शन (कवटीच्या हाडातून जाणाऱ्या आवाजाची) सोबत घ्या. आणि १२५, २५० हर्ट्झला मोठ्या आवाजात पेशंटला ऐकू न येता नुसती थरथर जाणवते आणि तो बटण दाबतो, ती थरथर आणि ऐकणं यातला फरक त्याला आधी समजावून सांगा.

शेवटचं म्हणजे वेळ. ऐकणं लगेच गेलं तर इन्सर्शनवर संशय घ्यायला जागा आहे. पण अ‍ॅक्टिव्हेशनला, म्हणजे इम्प्लांट सुरू करताना, छान टिकलेलं ऐकणं काही महिन्यांनी घसरलेलंही बरेचदा दिसतं, आणि त्यामागे आतला दाह, फायब्रोसिस, नवीन हाड अशी कारणं असतात, इलेक्ट्रोड अगदी टिम्पनीत नीट बसलेला असला तरीही. त्यामुळे रिपोर्टमध्ये "ऐकणं टिकलं" असं नुसतं लिहू नका, ऑपरेशनपासून किती दिवसांनी मोजलं ते प्रत्येक आकड्याशेजारी लिहा, आणि एकाच पेशंटचे पहिल्या महिन्याचे, सहा महिन्यांचे आणि वर्षाचे ऑडिओग्रॅम एकाच आलेखावर काढा.